दोन बसगाड्यांचे अंतर

सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात कोलोरॅडोतील एस्टेस पार्क या डोंगरगावात संध्याकाळी पाचच्या सुमारास रस्त्याच्या कडेला मोटारींची रांग लागू लागते. ऊन अजून शिखरांवर रेंगाळत असते, खाली कुरणात मात्र सावली उतरलेली असते आणि थंडी अंगाला झोंबू लागलेली असते. मग कुठून तरी तो आवाज येतो. आधी खोल घुमणारा, मग चढत चढत शिट्टीसारखा बारीक होणारा आणि शेवटी धापा टाकल्यासारख्या दोन-चार हुंकारांत विरणारा. तीनशे किलोंच्या जनावराच्या गळ्यातून इतका बारीक सूर निघाला आहे, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पटत नाही. मलाही पटले नव्हते. गेली अनेक वर्षे डेन्व्हरच्या परिसरात राहून प्रत्येक शरदात मी तो ऐकायला डोंगरावर जातो, आणि अजूनही तो कानावर पडला की हातातले काम थांबते.

हा एल्क. हरणाच्या कुळातला, आपल्या सांबराहून थोराड, मानेवर गडद आयाळ आणि पुठ्ठ्यावर फिकट रंगाचा मोठा डाग असलेला. शॉनी लोकांच्या भाषेत त्याला वापिटी म्हणतात, म्हणजे पांढऱ्या पुठ्ठ्याचा. काश्मीरमध्ये दाचीगामच्या जंगलात जेमतेम तग धरून असलेला हंगुल हा त्याचा जवळचा नातलग, आणि तोही शरद ऋतूतच अशी साद घालतो. सप्टेंबरच्या आरंभापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, साधारण सहा आठवडे, एल्कच्या नरांना माज येतो. मराठीत माज हा शब्द आपण माणसाच्या उर्मटपणासाठी इतका सर्रास वापरतो की त्याचा मूळ अर्थ, म्हणजे जनावराचा मिलनाच्या हंगामातला आवेग, मागे पडला आहे. या लेखात तो मूळ अर्थानेच घ्यावा. या जनावराच्या वागण्यात उर्मटपणा नाही. वर्षभर ज्यासाठी शरीर घडवले, ते एकच काम उरकण्याची ती घाई आहे.

या सहा आठवड्यांत माणसाने एल्कच्या शेजारी कसे राहावे, हा प्रश्न बहुतेक वेळा पर्यटकांच्या सुरक्षिततेचा म्हणून मांडला जातो. कोणाला शिंग लागू नये, कोणाची मोटार फुटू नये, एवढ्यासाठी पाट्या लावल्या जातात आणि पाट्यांवर ‘सावध राहा’ असे लिहिले जाते. मला ही मांडणी अपुरी वाटते आणि काहीशी अन्यायाचीही वाटते, कारण तिच्यात धोका म्हणजे एल्क आणि ज्याला वाचवायचे तो माणूस, हे आधीच ठरून गेलेले असते. माझे म्हणणे असे आहे की या काळात जागा आणि वेळ सोडण्याची जबाबदारी पूर्णपणे माणसाची आहे, आणि ती सौजन्यावर न सोपवता मोजून दिलेल्या नियमाने बांधून घेतली पाहिजे. गावाला लागून असलेल्या रॉकी माउंटन राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत जसा तो नियम आहे तसाच तो गावात, गोल्फच्या मैदानावर, मोटारतळावर आणि घराच्या अंगणातही असला पाहिजे.

असे का, हे समजायला माजाच्या काळात त्या जनावराच्या अंगात काय चाललेले असते ते पाहावे लागते. नराची शिंगे दर वसंतात नव्याने फुटतात आणि ऐन वाढीच्या दिवसांत रोज दोन-अडीच सेंटिमीटरपर्यंत वाढू शकतात. ऑगस्टमध्ये त्यांच्यावरची मखमल, म्हणजे वाढत्या शिंगांवरची मऊ केसाळ त्वचा, झडते आणि आत पक्के हाड उरते. मग माज चढतो, आणि तो चढला की नराचे चरणे जवळजवळ थांबते. पंधरा-वीस माद्यांचा कळप राखायचा, त्यातली एखादी बाजूला सरकली की तिला मान लांब करून वळवून आणायची, पलीकडच्या उतारावरून आलेल्या हाळीला उत्तर द्यायचे, चिखलात लोळायचे, शिंगांनी झुडपे झोडपायची आणि समोरचा हटलाच नाही तर शिंगाला शिंग भिडवायचे, यातच त्याचे दिवस आणि रात्री जातात. उन्हाळाभर चरून अंगावर चढवलेली चरबी या सहा आठवड्यांत उतरते, आणि ती भरून काढायची वेळ येते तेव्हा समोर हिवाळा उभा असतो.

मादीच्या बाजूने हा हिशेब आणखी काटेकोर आहे. तिचा ऋतुकाळ एका दिवसापुरताही टिकत नाही. तो हुकला तर पुढचा सुमारे तीन आठवड्यांनी येतो. गर्भ आठ-साडेआठ महिने वाढतो आणि पाडस मेअखेरीस किंवा जूनमध्ये, गवत कोवळे आणि भरपूर असताना जन्माला येते. ते तीन आठवडे उशिरा जन्मले तर पहिल्या हिमवर्षावाला ते तीन आठवड्यांनी लहान असते, आणि समुद्रसपाटीपासून साडेसात हजार फूट उंचीवरच्या हिवाळ्यात हा फरक किरकोळ नाही. कुरणात उतरलेल्या एका छायाचित्रकारामुळे कळप शंभर पावले मागे सरकला तर काय बिघडले, असे मला अनेकदा विचारले जाते. एकदा सरकला तर फारसे काही बिघडत नाही. पण वर्षाला चाळीस लाखांहून अधिक माणसे ज्या उद्यानात येतात, त्याच्या पायथ्याच्या कुरणात तो छायाचित्रकार कधीच एकटा नसतो. त्याच्या मागे दुसरा असतो, दुसऱ्याच्या मागे मुलांना घेऊन आलेले कुटुंब असते, आणि उद्या संध्याकाळी हेच सारे पुन्हा असते.

रॉकी माउंटन राष्ट्रीय उद्यानाने ही गोष्ट ओळखून नियम केला आहे, आणि त्याचे श्रेय उद्यानाला दिले पाहिजे. १ सप्टेंबरपासून ३१ ऑक्टोबरपर्यंत मोरेन पार्क, हॉर्सशू पार्क, अप्पर बीव्हर मेडोज यांसारख्या मोठ्या कुरणांत सायंकाळी पाचपासून दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत, रस्ता किंवा आखलेली पायवाट सोडून कोणालाही पाऊल टाकता येत नाही. एल्कपासून किमान ७५ फूट, म्हणजे साधारण दोन बसगाड्यांच्या लांबीइतके, अंतर राखावे लागते. नकली हाळी देऊन नराला फसवणे आणि प्रखर दिव्यांचे झोत त्याच्यावर टाकणे यांना बंदी आहे. कुरणांच्या कडेला एल्क बिगल कोअर या नावाने काम करणारे स्वयंसेवक थंडीत तासन्‌तास उभे राहून लोकांना समजावतात. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात २५ यार्डांचा नियम आहे, म्हणजे नेमका तेवढाच. कॅनडाच्या राष्ट्रीय उद्यानांत ३० मीटर सांगतात. आकडे थोडे वेगळे असले तरी सगळीकडे अंतर मोजून दिले आहे, आणि माझ्या युक्तिवादात महत्त्व या मोजण्याला आहे.

‘सावध राहा’ या शब्दांचा अर्थ प्रत्येक जण आपापल्या धिटाईप्रमाणे लावतो. दोन वर्षांपूर्वी एस्टेस सरोवराच्या काठच्या गोल्फच्या मैदानाजवळ मी मावशीला घेऊन उभा होतो. आम्ही होतो तिथून कळप चांगला दूर होता. शेजारच्या मोटारीतून उतरलेल्या एका तरुण बापाने चार वर्षांच्या मुलीला खांद्यावर घेतले आणि तो गवतातून चालू लागला. तो बेफिकीर नव्हता. तो दर दहा पावलांवर थांबत होता, नराकडे पाहत होता, मुलीला गप्प राहायला सांगत होता. त्याच्या समजुतीप्रमाणे तो पूर्ण सावध होता. नराने मान वर उचलली, कान मागे पाडले, वरचा ओठ मुडपला आणि तो आडवा होऊन दोन पावले चालला. ज्याला ही भाषा येते त्याला ही शेवटची सूचना आहे हे कळते, पण त्या बापाला वाटले की जनावर फोटोसाठी छान उभे राहिले आहे. रस्त्यावरून एका वयस्क स्वयंसेविकेने त्याला हाक मारली, आवाज न चढवता, ‘तसेच मागे या, पाठ फिरवू नका’ असे सांगितले, आणि तो आला. नंतर तो तिला पुन्हा पुन्हा एकच प्रश्न विचारत होता, की मग नेमके किती लांब थांबायचे. तिने त्याला हात सरळ पुढे धरून अंगठा उभा करायला सांगितले: अंगठ्याआड अख्खे जनावर झाकले गेले तर अंतर पुरेसे आहे, शिंगे किंवा पुठ्ठा बाहेर दिसला तर मागे जायचे. त्याने अंगठा धरून पाहिला. मुलीनेही पाहिला. मला वाटते, मोटारतळातून पहिले पाऊल टाकण्याआधीच त्याला हे कोणी सांगितले असते, आणि ते न पाळल्यास दंड होतो हेही सांगितले असते, तर ती मुलगी त्या कुरणात गेलीच नसती.

मावशीचे वेगळेच चालले होते. तिच्या पिशवीत सफरचंदे होती. “अरे, एवढं मोठं जनावर, थंडीचे दिवस आले, एक सफरचंद दिलं तर काय होतंय?” मी म्हटले, “मावशी, तेवढं मात्र नको.” तिला ते आवडले नाही, आणि तिचे न आवडणे मला समजते. मुक्या जनावराला घास घालणे हे आपल्याकडे पुण्याचे काम आहे. गायीला, कुत्र्याला, मुंग्यांना घालूनच आपण जेवायला बसावे, हे संस्कार खोल आहेत आणि मला ते प्रिय आहेत. पण त्यात गृहीत धरलेले जनावर आपल्या दाराशी राहणारे आहे. माथेरानच्या माकडांचे काय झाले ते आपण पाहिले आहे: चण्याफुटाण्यांना चटावलेले माकड पिशवी हिसकावू लागते आणि मग तेच द्वाड ठरते. एल्कच्या बाबतीत परिणाम याहून गंभीर होतो. कोलोरॅडोत अशा मोठ्या वन्य प्राण्यांना खायला घालणे हा गुन्हा आहे, आणि त्याचे एक कारण असे की खाद्याभोवती जनावरे दाटीने गोळा होतात आणि रोग पसरायला वाव मिळतो. हरणांच्या कुळाचा मेंदू पोखरणारा, इलाज नसलेला ‘क्रॉनिक वेस्टिंग’ हा आजार १९६७ मध्ये कोलोरॅडोतच बंदिस्त हरणांत प्रथम लक्षात आला, आणि १९८१ मध्ये रानातल्या एल्कमध्ये तो पहिल्यांदा सापडला तोही याच उद्यानात. मावशीला मी हे सगळे परतीच्या वाटेवर सांगितले. सफरचंदे आम्ही घरी येऊन खाल्ली.

आता गावाच्या बाजूकडे वळतो, कारण त्यांचे म्हणणे ऐकून न घेता त्यांना उपदेश करणे बरोबर नाही. एस्टेस पार्कची कायमची वस्ती सहा हजारांच्या आसपास आहे. या लोकांसाठी एल्क हा सहलीचा विषय नाही. तो सकाळी दारात उभा असतो आणि कामावर जायला उशीर होतो. त्याने लावलेली रोपे खाल्लेली असतात, कोवळ्या झाडांची साल शिंगांनी सोलून काढलेली असते. कुत्र्याला फिरवायला नेणे धोक्याचे असते, कारण एल्कच्या नजरेत कुत्रा म्हणजे लांडग्याच्या जातीचाच शत्रू. माजाचे दिवस संपले म्हणून सुटका होत नाही, कारण मे-जूनमध्ये पाडसे होतात आणि मग माद्या आक्रमक होतात. २०२४ च्या मे-जूनमध्ये काही दिवसांच्या अंतराने या गावात दोन लहान मुलांवर माद्यांनी हल्ला केला, त्यातला एक मुलगा खेळाच्या मैदानावर होता. ज्या आईबापांनी हे पाहिले त्यांना ‘निसर्गाशी जुळवून घ्या’ असे सांगणे मला जमणार नाही.

त्यामुळे दरवर्षी कोणी तरी म्हणते की हे कळप उचलून दूर रानात नेऊन सोडावेत. ही मागणी सहज सुचणारी आहे, पण मराठी वाचकाला तिच्यातली अडचण चटकन समजेल, कारण आपण तो प्रयोग बिबट्यावर करून पाहिला आहे. जुन्नरच्या उसाच्या पट्ट्यात या शतकाच्या सुरुवातीला बिबटे पकडून दुसरीकडे सोडण्याचा धडाका लावला गेला, आणि वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासातून पुढे दिसले की त्यानंतर माणसांवरचे हल्ले कमी न होता वाढले. मुंबईत संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या भोवती शहाणपणाचा मार्ग सापडला तो पिंजरे कमी करून आणि माणसांच्या सवयी बदलून: कचरा उचलणे, रात्री मुलांना एकटे न सोडणे, बिबट्या दिसला की गर्दी न करणे. एल्क हा बिबट्या नाही, आणि कॅनडात बॅन्फ गावातून काही एल्क हलवले गेले होते, हेही मला ठाऊक आहे. पण गावात गवत हिरवे आहे, हौसेने लावलेली झाडे आहेत आणि शिकारी प्राणी नाहीत, तोवर रिकाम्या झालेल्या जागेत दुसरा कळप येत राहणार. बॅन्फमध्ये संशोधकांनी नेमके हेच पाहिले: लांडगे माणसांच्या गजबजाटापासून लांब राहतात, म्हणून एल्क माणसांच्या आडोशाला येतात, त्यांची दाटी होते आणि मग तिथली झाडी व तिच्या आधाराने जगणारे पक्षी कमी होतात. माणूस हीच एल्कची ढाल झाली आहे.

ही ढाल आपण आपल्या हातांनी तयार केली, याचा इतिहास या वादात बाजूला पडतो. गोऱ्या वसाहतकारांनी या खोऱ्यात पाय ठेवल्यावर वीस-पंचवीस वर्षांत, बाजारात मांस विकण्यासाठी झालेल्या शिकारीने इथले एल्क संपत आणले. मग १९१३ आणि १९१४ मध्ये यलोस्टोनहून एकूण ४९ एल्क आणून इथे सोडले गेले. हे करण्यात गावातल्या सुधारणा मंडळाचा पुढाकार होता, आणि पर्यटकांना पाहायला जनावरे असावीत हा हेतूही त्यामागे होता. १९१५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले, आत शिकार बंद झाली. लांडगे आणि ग्रिझली अस्वले मात्र संपवली गेली होती. भक्षक नाही आणि बंदूकही नाही, अशा जागी कळप वाढत गेले, आणि वाढलेल्या कळपांनी अ‍ॅस्पेनची कोवळी रोपे आणि ओढ्याकाठची विलो, म्हणजे आपल्या वाळुंजाच्या जातीची झुडपे, खाऊन बसकी केली. विलो गेली तसे तिच्यावर जगणारे, ओढ्यांवर बंधारे बांधणारे बीव्हर हे प्राणी गेले, आणि त्यांच्या बंधाऱ्यांनी अडणारे पाणीही गेले.

हे सांगणे मला भाग आहे, कारण एल्कच्या बाजूने बोलणारे अनेक जण इथे येऊन थांबतात. त्यांना एकही एल्क मेलेला नको असतो. ही भावना मला परकी नाही, पण ती पाळली तर खोरे उजाड होते. उद्यानाने २००७ मध्ये वीस वर्षांची योजना आखली, तिच्यात झाडीभोवती कुंपणे घालणे आणि गरजेप्रमाणे प्रशिक्षित लोकांकडून काही एल्क मारणे या दोन्ही गोष्टी होत्या, आणि दोन्ही झाल्या. मला त्या योग्य वाटतात. २०२० मध्ये कोलोरॅडोच्या मतदारांनी थोड्या फरकाने लांडगे परत आणण्याचा कौल दिला आणि २०२३ च्या डिसेंबरमध्ये पहिले लांडगे सोडले गेले. पण त्यांच्यामुळे एस्टेस पार्कच्या रस्त्यावरचा एल्क उद्या रानात परतेल, अशी आशा करण्यात अर्थ नाही. म्हणून संख्या किती असावी हा प्रश्न शास्त्रज्ञांनी हिवाळ्यात, थंड डोक्याने आणि कुरणांची मोजदाद करून सोडवावा. शरदातल्या सहा आठवड्यांत मात्र जी जनावरे समोर आहेत त्यांना त्यांचे काम निर्वेधपणे करू द्यावे. हे दोन प्रश्न एकमेकांत मिसळले की एल्क ‘फार झालेत’ या सबबीखाली त्यांच्या अंगावर जाणाऱ्या गर्दीकडे डोळेझाक होते.

आपण अंतर राखले नाही की त्याची किंमत कोणाकडून वसूल होते, ते यलोस्टोनमधील मॅमथ हॉट स्प्रिंग्ज या वसाहतीत दिसले. तिथे कानात ६ क्रमांकाचा बिल्ला असलेला एक प्रबळ नर होता. माजाच्या दिवसांत तो हिरवळीवर कळप घेऊन उभा राही आणि जवळ येणाऱ्या माणसांवर व मोटारींवर चालून जाई. शेवटी त्याला भूल देऊन त्याची शिंगे करवतीने कापावी लागली. ज्यांनी हे केले त्यांच्यापुढे दुसरा मार्ग नसेलही, आणि गर्दीपुढे हतबल झालेल्या वनरक्षकांना मी दोष देणार नाही. पण घडले काय, ते सरळ शब्दांत म्हणायला हवे. हिरवळीवर गेली माणसे, आणि शिंगे गेली एल्कची, तीही ज्या हंगामासाठी ती वाढवली त्या हंगामात.

अंतर म्हणजे फक्त पावलांनी मोजायची गोष्ट नाही, हेही इथे सांगतो. २०१९ च्या जुलैमध्ये कोलोरॅडोत एक तरुण नर दिसला, त्याच्या गळ्यात मोटारीचा टायर होता. दोन वर्षांहून अधिक काळ तो टायर गळ्यात घेऊन हिंडला, मधून मधून माणसांनी लावलेल्या कॅमेऱ्यांत दिसत राहिला आणि नाहीसा होत राहिला. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये, माजामुळे तो उघड्यावर येऊ लागल्यावर, राज्याच्या वन्यजीव अधिकाऱ्यांना त्याला गाठून भूल देता आली. टायरच्या कडेतली पोलादी तार कापता येईना. म्हणून त्याची शिंगे कापावी लागली, आणि मग टायर डोक्यावरून निघाला. टायरच्या पोकळीत ओली माती, चीडाच्या सुया आणि कचरा साठून राहिलेला होता, आणि जनावर दोन वर्षे तेही ओझे वाहत होते. इतके असूनही मानेवरचे केस थोडे घासले गेले होते, एक लहान जखम होती, बाकी तो धडधाकट होता. शिंगे वाचवता आली असती तर बरे झाले असते, असे अधिकारीच म्हणाले, कारण हंगाम चालू होता. तो टायर कोणाच्या तरी आवारात पडलेला असणार. त्या माणसाने एल्कला कधी पाहिलेही नसेल.

आणि सॅमसनची गोष्ट तर एस्टेस पार्कमध्ये प्रत्येकाला माहीत आहे. प्रचंड शिंगांचा हा नर वर्षानुवर्षे गावाभोवती वावरत होता, लोक त्याला नावाने ओळखत होते आणि तो लोकांना बुजत नव्हता. १९९५ च्या नोव्हेंबरमध्ये एका चोरट्या शिकाऱ्याने क्रॉसबो या यांत्रिक धनुष्याने त्याला मारले. लोक हळहळले, संतापले, आणि १९९८ मध्ये राज्याने कायदा केला की सहा टोकांच्या किंवा त्याहून मोठ्या शिंगांचा नर एल्क बेकायदा मारला तर नेहमीच्या दंडावर आणखी दहा हजार डॉलर भरावे लागतील. हा कायदा सॅमसनच्याच नावाने ओळखला जातो, आणि गावात त्याचा कांस्य पुतळा उभा आहे. मी त्या पुतळ्यापाशी दर वेळी थांबतो. सॅमसनला मारणे सोपे का झाले, तर तो माणसापासून पळत नव्हता म्हणून. आपल्या प्रेमाने, आपल्या जवळ जाण्याने त्याची भीती हळूहळू काढून घेतली गेली होती, आणि भीती हेच रानातल्या जनावराचे एकमेव चिलखत असते. जे लोक मला म्हणतात की ‘हे एल्क माणसाळलेले आहेत, काही करत नाहीत’, त्यांना मी हीच गोष्ट सांगतो.

एल्क उद्यानाची हद्द ओळखत नाही. पाच वाजता मोरेन पार्कच्या कुरणात ज्या नरापुढे कायदा उभा असतो, तोच नर सहा वाजता गावातल्या हिरवळीवर आला की त्याचा भरवसा लोकांच्या समजुतीवर राहतो. वन्य प्राण्याचा छळ करणे कोलोरॅडोत सगळीकडेच बेकायदा आहे, पण छळ कुठे सुरू झाला हे ठरवायला प्रत्येक वेळी वाद घालावा लागतो. ७५ फूट मोजायला वाद लागत नाही. म्हणून जिथे एल्क हंगामात नेमाने उतरतात अशा प्रत्येक गावाने हे अंतर आपल्या हद्दीत सक्तीचे करावे आणि त्यासाठी दंड आकारावा. संध्याकाळी ज्या हिरवळींवर कळप येतात त्या हिरवळी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पाचनंतर माणसांना बंद ठेवाव्यात. गोल्फ खेळणाऱ्यांची एखादी फेरी चुकेल, आणि ती चुकू द्यावी. रस्त्याच्या मध्येच मोटार थांबवून उतरणे हा तर वाहतुकीचाच गुन्हा आहे. त्यासाठी हंगामात जादा पोलीस लागतील.

यावर खर्च कोणी करायचा, असा प्रश्न येतो, आणि त्याचे उत्तर मला अवघड वाटत नाही. याच दिवसांत गावात एल्क फेस्ट भरतो, हाळी देण्याच्या स्पर्धा होतात, हॉटेलांच्या खोल्या महिनोन्‌महिने आधी भरतात, दुकानांत एल्कच्या आकाराचे सगळे काही विकले जाते. मला या उत्सवाचा राग नाही. एखाद्या गावाने वर्षातला एक सण जनावराच्या नावाने करावा, यात गोडवा आहे. पण ज्या सुरावर हा व्यापार उभा आहे, तो सूर ज्याच्या गळ्यातून येतो त्याच्या वाट्याला त्यातले काही तरी जावे. प्रत्येक खोलीमागे हंगामात काही डॉलर वेगळे काढले, तर कुरणांच्या कडेला पगारी रक्षक उभे करता येतील आणि सगळा भार थंडीत कुडकुडणाऱ्या स्वयंसेवकांवर पडणार नाही.

एक आक्षेप मला गंभीर वाटतो. नियम वाढवले की माणूस निसर्गापासून तुटतो, मुलांना जनावर लांबून दाखवले तर त्यांना त्याच्याबद्दल माया कशी वाटणार, असे काही पालक आणि शिक्षक म्हणतात. माझा अनुभव उलटा आहे. जवळ गेलेली मुले फोन पाहत असतात, फोटो नीट आला की नाही ते तपासत असतात. रस्त्याच्या कडेला, दोन बसगाड्यांच्या पलीकडे थांबलेली मुले ऐकतात. एका संध्याकाळी माझ्या शेजारच्या सात वर्षांच्या मुलाने तासाभरात तीन नरांचे आवाज वेगळे ओळखले होते: एक जाड, एक चिरका, आणि एक लांबच्या झाडीतून येणारा, ज्याला कोणी उत्तरच देत नव्हते. त्या तिसऱ्याची त्याला फार काळजी वाटत होती. मोटारीत बसल्यावरही त्याने दोनदा विचारले, की त्याला कोणी उत्तर दिले असेल का.

गावातल्या घरांनीही आपापल्या अंगणात थोडे करायचे आहे. झाडांना बांधलेली झोळी, मुलांचा दोरीचा झोपाळा, व्हॉलीबॉलचे जाळे, खाली लोंबणाऱ्या दिव्यांच्या माळा, टोमॅटोच्या वेलीभोवतीची तारेची जाळी, यांत शिंगे अडकतात, आणि अडकलेला नर जितका झटतो तितका गुंततो. माजाच्या दिवसांत तो शिंगांनी झुडपे झोडपत फिरत असतो, त्यामुळे या वस्तू त्याच्यासाठी सापळेच असतात. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात त्या काढून आत ठेवाव्यात आणि नवे कुंपण घालताना वरची तार अशी असावी की जनावराला ती दिसेल. डोंगरात राहणारे माझे एक मित्र दरवर्षी मखमल झडू लागली की अंगणातली दोरी न्‌ दोरी गुंडाळून गॅरेजमध्ये टांगून ठेवतात. त्यांचा नातू कुरकुर करतो, झोपाळा परत कधी बांधणार म्हणून विचारतो. आजोबा त्याला शिंगे गळून पडण्याचा महिना सांगतात, मार्च, आणि तोवर दोघे मिळून संध्याकाळी खिडकीपाशी बसतात.